नियमशास्त्र आणि शुभवर्तमान : एका ल्यूथरपंथीय गुरूच्या शुक्रवारच्या संध्याकाळी

सी. एफ. डब्ल्यू. वॉल्थर हे नाव आमच्या वाचकांपैकी फारच थोड्यांच्या कानांवरून गेले असेल. अमेरिकेतील सेंट लुईस शहरात कॉन्कॉर्डिया नावाची ल्यूथरपंथीय सेमिनरी आहे. तेथे एकोणिसाव्या शतकात ते ईशज्ञान शिकवीत. सप्टेंबर १८८४ ते नोव्हेंबर १८८५ या काळात शुक्रवारी संध्याकाळी ते सेमिनरीच्या विद्यार्थ्यांपुढे नेहमीच्या तासांव्यतिरिक्त व्याख्याने देत. वय बहात्तर-त्र्याहत्तर, प्रकृती खालावलेली, आणि विषय एकच : प्रवचनकाराने नियमशास्त्र आणि शुभवर्तमान यांतील भेद कसा ओळखावा आणि कसा सांभाळावा. अशी एकोणचाळीस व्याख्याने झाली. गुरुजींनी स्वतः त्यांचे पुस्तक केले नाही. ती लघुलिपीत टिपून घेतलेली होती म्हणून वाचली, आणि त्यांच्या मृत्यूनंतर दहा वर्षांनी, १८९७ साली, जर्मन भाषेत छापली गेली. १९२९ साली डाऊ यांचे इंग्रजी भाषांतर निघाले आणि २०१० साली आणखी एक. आमच्या हाती लागली ती डाऊंच्या भाषांतराची जुनी प्रत. मुंबईच्या फुटपाथवर, कायद्याच्या पुस्तकांच्या ढिगात ती पडली होती. शीर्षकातला 'लॉ' हा शब्द वाचून विक्रेत्याने तिला वकिलांच्या रांगेत बसवले असावे. असो.

एका कॅथलिक धर्मगुरूने, कॅथलिक कुटुंबांत वाचल्या जाणाऱ्या या त्रैमासिकात, शंभरांहून अधिक वर्षांपूर्वीच्या एका ल्यूथरपंथीय अध्यापकाचे परीक्षण का करावे, असा प्रश्न कोणी विचारील. उत्तर असे की, दर रविवारी मिस्सामध्ये जे दहा-पंधरा मिनिटांचे प्रवचन तुम्ही ऐकता आणि आम्ही करतो, त्याविषयी इतके रोखठोक आणि इतके अस्वस्थ करणारे पुस्तक आमच्या वाचनात दुसरे आले नाही. त्यातील बऱ्याच गोष्टी आम्हांला मान्य नाहीत. काही ठिकाणी आम्हांला राग आला. तरीही ते मिटवून ठेवता आले नाही.

आधी माणूस पाहू, कारण हे पुस्तक त्या माणसाच्या यातनेतून निघाले आहे. वॉल्थर यांचा जन्म १८११ साली जर्मनीतील सॅक्सनी प्रांतात, पाळकाच्या घरी झाला. लाइपझिगच्या विद्यापीठात ईशज्ञान शिकण्यास गेले तेव्हा तेथे बुद्धिवादाचे राज्य होते. चमत्कार वगळून उरलेला ख्रिस्त म्हणजे एक सज्जन शिक्षक, असे अध्यापक शिकवीत. त्याला कंटाळलेल्या काही विद्यार्थ्यांनी प्रार्थनेसाठी एक लहानसे मंडळ केले होते. वॉल्थर त्यात सामील झाले आणि आगीतून फुफाट्यात पडले. मंडळातील वडीलधारे सांगत की, पापाबद्दल जोवर पुरेसा पश्चात्ताप, पुरेसे अश्रू, पुरेशी भीती अनुभवास येत नाही तोवर कृपेवर हक्क सांगू नये. 'पुरेसे' म्हणजे किती, हे कोणीच सांगेना. हा तरुण उपास करी, जागरणे करी, आत डोकावून पाही, आणि आत त्याला स्वतःखेरीज काहीच दिसत नसे. अखेर त्याने ड्रेस्डेनच्या मार्टिन श्टेफान नावाच्या एका पाळकाला पत्र लिहिले. उत्तर आले तेव्हा पाकीट फोडण्याआधी त्याने प्रार्थना केली, की यात खोटे सांत्वन असेल तर ते मला स्वीकारू देऊ नकोस. पत्रात फारसे काही नवे नव्हते. ज्या पश्चात्तापाची तू वाट पाहतो आहेस तो तुझ्याकडे केव्हाच आहे. आता स्वतःकडे पाहणे थांबव आणि ख्रिस्ताकडे पाहा, एवढाच त्याचा मथितार्थ. पुढे १८३१-३२च्या हिवाळ्यात फुफ्फुसाच्या आजाराने ते घरी परतले, आणि बापाच्या ग्रंथसंग्रहातील ल्यूथरचे खंड वाचता वाचता त्या पत्रामागचे सारे ईशज्ञान त्यांना उमगले.

यापुढची गोष्ट विलक्षण आहे. ज्या श्टेफानने सांत्वनाचे ते पत्र लिहिले त्याच्याच मागोमाग १८३८ साली सॅक्सनीतील कित्येक शे लोक घरदार विकून अमेरिकेस निघाले. पाच जहाजांपैकी 'अमालिया' समुद्रात बुडाले. त्यावरील एकही जण किनाऱ्यास लागला नाही. प्रवासातच श्टेफानने स्वतःस बिशप म्हणून मान्य करवून घेतले. मिसुरीत पोहोचून काही महिने होतात न होतात तोच त्याच्या अनैतिक वर्तनाचे आणि सामाईक पैशाच्या उधळपट्टीचे आरोप पुढे आले. मे १८३९ मध्ये त्याला पदच्युत करून होडीने मिसिसिपी नदीपलीकडे सोडण्यात आले. मागे राहिलेले लोक रानात, तापाने आजारी, कर्जात, आणि मनाने पार खचलेले. आपण देवाची मंडळी तरी आहोत का? आपल्या पाळकांनी उच्चारलेली पापक्षमा खरी की खोटी? आपला बाप्तिस्मा, आपले प्रभुभोजन यांना काही अर्थ उरला का? १८४१च्या एप्रिलमध्ये आल्टेनबुर्ग या खेड्यात यावर जाहीर वादविवाद झाला. वॉल्थर यांनी तेथे मांडले की, मंडळी ही पुढाऱ्याच्या चारित्र्यावर उभी नसते. जेथे देवशब्द आणि संस्कार आहेत तेथे ख्रिस्त आहे, मग पुढारी कसाही निघो. लोक शांत झाले. पुढे १८४७ साली जो मिसुरी सिनड स्थापन झाला त्याचे पहिले अध्यक्ष वॉल्थरच होते.

याच रानात, १८३९च्या डिसेंबरात, ओंडक्यांच्या एका झोपडीत शाळा उघडली होती. अंगावर धड कपडा नाही, पण शाळेत लॅटिन, ग्रीक आणि हिब्रू. तीच झोपडी पुढे सेंट लुईसला हलवली गेलेली कॉन्कॉर्डिया सेमिनरी. शिकलेला प्रवचनकार ही चैन नसून गरज आहे, हे त्या उपाशी लोकांना कळले होते. आमच्या काही संपन्न धर्मग्रामांत पेरिश हॉलच्या छतासाठी वर्गणी गोळा होते तेव्हा आम्हांला ती झोपडी आठवते.

आता पुस्तकाच्या गाभ्याकडे वळू. वॉल्थर पंचवीस सूत्रे मांडतात आणि एकेका सूत्रावर एक, दोन, कधी त्याहूनही अधिक संध्याकाळी बोलतात. सगळ्यांमागचा विचार असा. पवित्र शास्त्रात देव दोन प्रकारे बोलतो. एक शब्द मागतो, दुसरा देतो. एक सांगतो, हे कर, हे करू नकोस, नाहीतर मरशील. दुसरा सांगतो, तुझ्यासाठी हे झाले आहे, घे. दोन्ही शब्द देवाचेच, दोन्ही जुन्या करारात आहेत आणि नव्यातही. (जुना करार म्हणजे नियमशास्त्र व नवा म्हणजे शुभवर्तमान, असा सोपा हिशेब आपल्याकडेही कित्येक जण करतात, तो चुकीचा आहे.) प्रवचनकाराची सारी विद्या यात आहे की, कोणासमोर कोणता शब्द उच्चारावा. जो आपल्या पापात निर्धास्त बसला आहे त्याला नियमशास्त्र ऐकवावे, जो भेदरून गेला आहे त्याला शुभवर्तमान. उलट केले की देवाचाच शब्द विष होतो. दावीद राजाने उरीयाची बायको घेतली आणि उरीयाला मारवले, तेव्हा नाथान संदेष्टा आधी क्षमेचे बोलला नाही. मेंढीची गोष्ट सांगून त्याने राजाचाच हात राजाच्या गळ्याशी नेला. राजाने 'मी पाप केले' असे म्हटल्यावर मात्र नाथानाने एक क्षणही लांबवले नाही. त्याने त्याला अटी घातल्या नाहीत, कसोटीला लावले नाही, पुन्हा ये असे सांगितले नाही.

दोन शब्दांची भेसळ हा वॉल्थर यांचा खरा शत्रू. प्रवचनकार नियमशास्त्र सांगतो, पण लोक दुखावतील म्हणून त्याची धार बोथट करतो : देव काही एवढे मागत नाही, आपल्या परीने करावे म्हणजे झाले. मग शुभवर्तमान सांगतो, पण लोक सैल पडतील म्हणून त्याला शेपूट जोडतो : देव क्षमा करतो, मात्र तुम्ही प्रामाणिक असाल तर. ऐकणारा घरी जातो तो ना जखमी, ना बरा. सहाव्या सूत्रावरील ही मांडणी वाचून आम्ही उठलो आणि कपाटातून आमच्या प्रवचनांच्या जुन्या वह्या काढल्या. उधळ्या पुत्रावरचे एक प्रवचन सापडले. चार पानांत 'पाहिजे' या शब्दाने संपणारी अठरा वाक्ये होती. मुलांनी आईबापांचे ऐकले पाहिजे, आईबापांनी मुलांना वेळ दिला पाहिजे, आपण व्यसनांपासून दूर राहिले पाहिजे, आपण सर्वांनी पापनिवेदन केले पाहिजे. लूकच्या पंधराव्या अध्यायातला बाप रस्त्यावर धावत निघाला आहे, आणि त्या धावण्याविषयी आमच्या चार पानांत दीड ओळ!

आणि येथेच पाचवे सूत्र. नियमशास्त्र व शुभवर्तमान यांची सर्वांत उघड, सर्वांत ढोबळ भेसळ कोण करते? वॉल्थर नाव घेऊन सांगतात : पोपचे अनुयायी. आणि त्यांच्याच जोडीला सोसिनसचे अनुयायी व बुद्धिवादी. हे लोक ख्रिस्ताला नवा मोशे बनवतात, शुभवर्तमानाचे कायद्याच्या पुस्तकात रूपांतर करतात, असा आरोप. हे वाचून आम्ही समासात पेन्सिलीने जे लिहिले ते येथे छापण्याजोगे नाही.

आरोप जसा केला आहे तसा खरा नाही, हे सांगणे आमचे कर्तव्य आहे. ट्रेंटच्या धर्मपरिषदेने १३ जानेवारी १५४७ रोजी नीतिमान ठरवले जाण्याविषयी जो आदेश काढला त्याच्या एकविसाव्या निर्बंधात ख्रिस्त तारणारा आहे तसाच नियमदाताही आहे असे म्हटले आहे, हे खरे. पण त्याच आदेशाच्या आठव्या प्रकरणात स्पष्ट सांगितले आहे की, नीतिमान ठरण्याआधीचे काहीही, मग तो विश्वास असो वा सत्कर्म, त्या कृपेची कमाई करू शकत नाही. एक वाक्य वाचून दुसरे झाकून ठेवणे ही विद्वत्ता नव्हे. एका पारड्यात आपल्या पंथाचे उत्तम लिखाण आणि दुसऱ्यात परपंथाचे निवडक शब्द, ही सवय त्या काळी दोन्ही बाजूंना होती; आमच्याकडची वादग्रंथांची पुस्तके काही यापेक्षा सभ्य नव्हती. ३१ ऑक्टोबर १९९९ रोजी ऑग्सबुर्ग येथे कॅथलिक ख्रिस्तसभा आणि ल्यूथरन जागतिक महासंघ यांनी संयुक्त घोषणापत्रावर सह्या केल्या. आपल्या कोणत्याही पात्रतेमुळे नव्हे, तर केवळ कृपेने देव आपला स्वीकार करतो, आणि तीच कृपा आपली अंतःकरणे नवी करून सत्कर्मांस प्रवृत्त करते, असे दोघांनी एकमुखाने म्हटले. मिसुरी सिनड त्या महासंघात नाही आणि त्याने या घोषणापत्रावर टीकाच केली. वॉल्थर हयात असते तर त्यांनीही सही केली नसती, याविषयी आम्हांला शंका नाही.

तर, सिद्धांत म्हणून वॉल्थर यांचा आरोप आम्ही नाकारतो. पण ट्रेंटचा आदेश एक आणि आमच्या रविवारच्या मिस्सात प्रत्यक्ष ऐकू येणारे दुसरे. या ठिकाणी आमच्या स्वतःच्या आयुष्यातील एक प्रसंग सांगितल्यावाचून पुढे जाता येत नाही.

पुष्कळ वर्षांपूर्वी, भर पावसाळ्यात, एका रात्री आम्हांला एका वृद्ध बागायतदाराच्या घरी बोलावण्यात आले. आम्ही तेव्हा त्या धर्मग्रामात नवे नव्हतो. सहा वर्षे तो गृहस्थ आमची प्रवचने ऐकत होता, आणि आमच्या आधीच्यांची सत्तर वर्षे. रविवारची मिस्सा त्याने कधी चुकवली नाही. घरात रोज संध्याकाळी रोझरी. कोणाचे देणे बुडवले नाही. तैलाभ्यंगाचा संस्कार झाला, सुना-मुले बाहेर गेली, तेव्हा त्याने आमचे मनगट धरले आणि विचारले, "फादर, माझं पुरं पडेल ना?"

आम्ही काय उत्तर दिले? आम्ही म्हणालो, "बाबा, तुम्ही किती चांगलं जगलात! मिस्सा चुकवली नाही, रोझरी चुकवली नाही, मुलांना वळण लावलंत. घाबरू नका." असे म्हणून आम्ही त्याच्याच सत्कर्मांची यादी त्याला वाचून दाखवली. त्याने मान हलवली, पण मनगट सोडले नाही. पहाटे तो गेला. त्याचे डोळे आम्ही मिटले, आणि त्यांत आम्हांला जे दिसले ते समाधान नव्हते.

त्या रात्री आमचे काही चुकले असे आम्हांला तेव्हा वाटले नाही. दमलो होतो, पाऊस होता. वॉल्थर यांचे नववे सूत्र वाचताना ते मनगट पुन्हा आठवले. ज्याला नियमशास्त्राने आधीच पाडले आहे त्याला स्वतःच्याच धडपडीकडे, स्वतःच्याच प्रार्थनेकडे, स्वतःच्याच भावनेकडे परत पाठवू नका, असे ते सूत्र सांगते. त्याला बाहेरून आलेला शब्द द्या. बुडणाऱ्याला त्याचेच केस धरून वर ये म्हणून सांगण्यात काय अर्थ? 'पुरं पडेल का' असे विचारणाऱ्याला आम्ही पुन्हा हिशेबाच्या वहीकडे पाठवले होते. त्याचे पुरे पडणार नव्हते. कोणाचेच पडत नाही. ज्याचे पुरे पडते तो क्रुसावर आहे, एवढेच त्याला ऐकायचे होते. आणि ते कॅथलिक शिकवणीच्या विरुद्ध मुळीच नव्हते. लहान थेरेजने आपल्या मरणाच्या दोन वर्षे आधी, १८९५ साली, देवाला अर्पण केलेल्या प्रार्थनेत रिकाम्या हातांनी देवापुढे उभे राहण्याचीच गोष्ट केली आहे. ती प्रार्थना आम्ही सेमिनरीत वाचली होती. त्या रात्री आठवली नाही.

नवव्या सूत्राविषयी आणखी थोडे, कारण कॅथलिक वाचकाला पुस्तकातील सर्वांत ओळखीचा भाग हाच वाटेल. येथे वॉल्थर यांचा रोख आमच्यावर नाही. तो आहे त्या काळच्या अमेरिकेत गाजणाऱ्या पुनरुज्जीवन-सभांवर. तेथे पापी माणसाला पुढच्या बाकावर बसवून, आता तुला कृपेचा अनुभव येईपर्यंत प्रार्थना करीत राहा, असे सांगत. तरुणपणी लाइपझिगमध्ये ज्यात आपण होरपळलो तेच येथे ढोलताशांनिशी चालले आहे, असे वॉल्थर यांना वाटले असल्यास नवल नाही. त्यावर ते उतारा कोणता सांगतात? बाप्तिस्मा, प्रभुभोजन, आणि पाळकाच्या तोंडून उच्चारलेली पापक्षमा. माणसाने माणसाच्या कानात सांगितलेला क्षमेचा शब्द हा देवाचाच शब्द आहे, तो भावनेवर अवलंबून नाही, यावर ते अनेक संध्याकाळी खर्च करतात. विरोधक त्यांना म्हणत, हे तर पोपचे शिक्षण! प्रॉटेस्टंट अमेरिकेत खाजगी पापनिवेदनाची बाजू घेऊन लढणारा हा म्हातारा आम्हांला एकदम जवळचा वाटला. आपल्याकडे कुमसाराच्या रांगा आखडत चालल्या आहेत. त्याची कारणे आपण लोकांच्या आळसात शोधतो. पण आत बसलेल्या आम्हा लोकांकडून क्षमेच्या वचनाआधी जो उपदेशाचा पाढा म्हटला जातो, आणि ते वचन मात्र तोंडातल्या तोंडात उरकले जाते, त्याचाही यात काही वाटा असावा. ज्यासाठी माणूस रांगेत उभा राहिला तेच त्याला नीट ऐकू येत नाही.

एवढे ऋण मान्य केल्यावर पुस्तकाच्या उणिवा सांगण्यास आम्ही मोकळे आहोत.

पहिली अशी की, वॉल्थर यांच्या प्रवचनात माणसाला फक्त कान आहेत. त्याला हात, पाय, पोट, शेजारी आणि शेत नाहीत. देवशब्द ऐकला, भ्याला, पुन्हा ऐकला, निवाला, येथे नाट्य संपते. क्षमा झालेल्या माणसाचे पुढे काय होते, कृपा त्याच्या स्वभावात हळूहळू कशी मुरते, सवय कशी बदलते, याविषयी व्याख्यानांत त्या मानाने फार थोडे आहे. तेविसाव्या सूत्रात ते म्हणतात की, नव्याने जन्मलेल्या माणसाला हुकुमाने नव्हे तर शुभवर्तमानाच्या विनवणीने सत्कर्मांकडे न्यावे. हे सुंदर आहे. पण ते कसे, हे दाखवायला ते फार थांबत नाहीत. प्रत्येक उपदेशात त्यांना सत्कर्मांवर भिस्त ठेवण्याचा धोका दिसतो. याकोबाच्या पत्राशी ल्यूथरचे कधी जमले नाही, ती छाया शिष्यावरही पडली आहे. शिवाय आमचे प्रवचन मिस्साच्या पोटात असते. दुसऱ्या व्हॅटिकन धर्मपरिषदेने १९६३ साली प्रवचन हा उपासनेचाच भाग ठरवला तो याचसाठी की, जे कानाने ऐकले ते पुढे भाकरीच्या रूपात हातावर यावे. वॉल्थर प्रभुभोजनाला खूप मानतात, पण त्यांचा प्रवचनकार वेदीकडे फारसा वळून पाहत नाही.

दुसरी उणीव अधिक गंभीर आहे. ज्याच्या हाती नियमशास्त्राची एवढी धारदार सुरी होती, त्याने ती आपल्या काळाच्या सर्वांत मोठ्या पापावर चालवली नाही. वॉल्थर राहत ते मिसुरी गुलामगिरीचे राज्य होते. गुलाम ठेवणे हे मुळातच पाप आहे, असे शास्त्र म्हणत नाही, असे मत त्यांनी यादवी युद्धाच्या काळात आपल्या नियतकालिकात मांडले, आणि गुलामगिरीच्या विरोधकांना मानवतावादाचे वेड लागलेले लोक ठरवले. निर्धास्त पाप्याला नियमशास्त्र ऐकवा, असे शिकवणाऱ्या गुरूला मळ्याचे निर्धास्त मालक दिसले नाहीत. नियमशास्त्र प्रत्येकाच्या एकट्याच्या अंतःकरणाशीच बोलते असे धरून चालले की असे होते; बाजारात, कचेरीत, शेताच्या बांधावर होणारे पाप त्याच्या कक्षेतून सुटते. आमोस संदेष्ट्याला असा प्रश्न पडला नसता. हे लिहिताना आम्ही बोट उगारण्याच्या पवित्र्यात नाही. सॅक्सनीचे लोक जहाजात बसले त्याच १८३८ साली मेरीलँडच्या येशूसंघीयांनी २७२ गुलाम स्त्री-पुरुष-मुले विकली होती. ल्यूथरची सूत्रे त्यांनी वाचली नव्हती, पण ॲक्विनस वाचला होता.

वॉल्थर यांच्यामागे या सेमिनरीचे काय झाले हेही थोडक्यात सांगणे योग्य होईल, कारण गुरूचा विचार शिष्यांच्या हाती कसा वळण घेतो ते तेथे दिसते. प्रवचनकलेचे अध्यापक रिचर्ड केमरर यांनी १९५९ साली 'प्रीचिंग फॉर द चर्च' हे पुस्तक प्रसिद्ध केले. त्यांनी विद्यार्थ्यांना तीन प्रश्न शिकवले : या प्रवचनाचे ध्येय काय, ध्येयाआड येणारे दुखणे काय, आणि देवाने दिलेला उपाय काय. वॉल्थर यांचा भेद येथे रोजच्या वापराचे अवजार झाला आहे. आम्ही गेली काही वर्षे शनिवारी रात्री हे तीन प्रश्न कागदावर लिहून बसतो. बहुतेक वेळा असे आढळते की दुखण्याविषयी आमच्याजवळ भरपूर मजकूर आहे आणि उपायाच्या जागी पुन्हा ध्येयच लिहिलेले आहे. माणूस प्रेम करीत नाही हे दुखणे. उपाय काय, तर प्रेम करा!

पुढे विद्वत्तेच्या प्रश्नावर घर फुटले. पवित्र शास्त्राच्या अभ्यासात ऐतिहासिक चिकित्सेची पद्धत वापरावी की नाही, हा वाद कॉन्कॉर्डियात विसाव्या शतकाच्या मध्यास पेटला. चिकित्सा स्वीकारणाऱ्या अध्यापकांवर जे आरोप झाले त्यांत एक असा होता की, त्यांनी नियमशास्त्र-शुभवर्तमान हा भेदच साऱ्या शास्त्राचे माप करून टाकला आहे. शुभवर्तमानाला धक्का लागत नाही ना, मग योना खरोखर माशाच्या पोटात होता की नाही याला महत्त्व नाही, असे ते म्हणतात. म्हणजे वॉल्थर यांचेच हत्यार वॉल्थर यांच्याच घरात, एकाच्या हाती ढाल आणि दुसऱ्याच्या डोळ्यांत गुन्ह्याचा पुरावा! जानेवारी १९७४ मध्ये सेमिनरीचे अध्यक्ष जॉन टीटजेन यांना निलंबित करण्यात आले. १९ फेब्रुवारीला बहुसंख्य विद्यार्थी आणि पन्नासांपैकी पंचेचाळीस अध्यापक बाहेर पडले. निघताना त्यांनी आवारातील हिरवळीवर आपापल्या नावांचे पांढरे क्रूस रोवले. 'निर्वासित सेमिनरी' असे तिचे नाव पडले. आणि या निर्वासितांना वर्गखोल्या कोणी दिल्या? एका प्रॉटेस्टंट सेमिनरीने, आणि सेंट लुईस विद्यापीठातील येशूसंघीयांनी. पाचव्या सूत्राचा लेखक वरून पाहत असेल तर त्या दिवशी त्याच्या चेहऱ्यावर काय भाव असतील, याची आम्ही कधीकधी कल्पना करतो. १९८३ साली ही सेमिनरी शिकागोच्या ल्यूथरन सेमिनरीत विलीन झाली. मूळ कॉन्कॉर्डिया सावरली आणि आजही तेथेच आहे. कोणाची बाजू बरोबर होती हे ठरवण्याचा अधिकार आमच्याकडे नाही. १९१० ते १९६७ पर्यंत आमच्या धर्मगुरूंनाही आधुनिकतावादाविरुद्ध शपथ घ्यावी लागत असे, आणि त्या काळात आमचे किती शास्त्रपंडित लेखणी खाली ठेवून बसले याचा हिशेब अजून पुरता झालेला नाही.

मराठी वाचकाला या परंपरेचा प्रत्यक्ष परिचय नाही याचे कारण इतिहासात आहे. आपल्याकडे प्रॉटेस्टंट विचार आला तो मुख्यत्वे अमेरिकन मराठी मिशनकडून, आणि त्या मिशनची ठेवण वेगळी. मिसुरी सिनडचे मिशनरी १८९५ साली आले ते तमिळ मुलखात, कृष्णगिरीला. त्याच वर्षी इकडे मुंबईत नारायण वामन टिळकांचा बाप्तिस्मा झाला होता. दोन्ही प्रवाह कधी एकमेकांना भेटले नाहीत.

पुस्तकाची भाषा जड नाही; म्हातारा गुरू मुलांशी बोलतो तशी आहे, मध्येच रागावतो, मध्येच आपल्या तारुण्यातली गोष्ट सांगतो. लांबण मात्र आहे, आणि ल्यूथरचे उतारे इतके की वाचणाऱ्याचा धीर सुटावा. ज्यांना सारे वाचवत नाही त्यांनी सहाव्या आणि नवव्या सूत्रांवरील व्याख्याने वाचली तरी चालेल. दाससभेतील शिक्षकांनी आणि प्रार्थनामंडळांतील वक्त्यांनी तर अवश्य. आमची प्रत आम्ही धर्मग्रामाच्या वाचनालयात ठेवली आहे. बांधणी सैल आहे, जपून हाताळावी. पाचव्या सूत्राजवळ समासात जे काही खोडलेले आढळेल ते आमचेच.